खंडोबाला वाहिलेला भाला

लातूर,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. बालाजी यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. मनात सध्या दुसरेच शब्द आहेत. पण दिवाळीत फोनवर आपण दोघं जे भांडलो, त्यानंतर आईनं घातलेला दंडक मी अजून पाळते आहे. बहीणभावानं फोनवर बोलायचं नाही, काय ते पत्रात लिहायचं आणि पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. लिहीपर्यंत राग निम्मा होतो, असं तिचं म्हणणं. आई, ऐकते आहेस ना? निम्मा झालेला नाही.

काल संध्याकाळी तुझी लेक तनू गावाकडं चंपाषष्ठी करून परत आली. पिशवी आली, रोडगे आले, वांग्याच्या भरताचा डबा आला. भाला आला नाही. विचारलं तर न्हाणीघरात जाऊन बसली. तुझे दाजी दाराबाहेरून समजूत घालत होते, तेव्हा कुठं आतून आवाज आला की भाला खंडोबाला वाहिला.

बालाजी, देवाला नारळ वाहतात, खण वाहतात, कुणी पितळेचा घोडा वाहतो. रोजच्या सरावाचा भाला कुणी वाहतं का रे? आणि तो तुझा नव्हे, तनूचाही नव्हे. तो तिला भालाफेक शिकवणाऱ्या मृत्युंजय सरांचा. विभागात पहिली आली म्हणून तू गावाला दाखवायला मागवलास, मी सरांच्या हातापाया पडून तो दोन दिवसांसाठी पाठवला. आता त्यांना काय सांगू? खंडोबा सराव करतोय म्हणून?

एकवीस डिसेंबरला नांदेडला राज्याच्या संघाची निवड आहे. या खेपेला संघात नाव आलं तरच तनू लातुरात राहील, नाहीतर परत गावी आणि बारावी झाली की नर्सिंग, ही अट तूच घातलीस. अट घालायची आणि हातातला भालाही काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

उलट गाडीनं उत्तर धाड. देगलूर गाडीचे कंडक्टर गुरुपादप्पा पत्र नेतील.

माया आहेच, ती काही तू कमी करू शकत नाहीस. अक्कल मात्र थोडी वाढव.

तुझी,
उज्वलाअक्का

*

बोरतळी, ता. देगलूर,
१ डिसेंबर २०२५

ती. सौ. अक्कास बालाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. अकलेची ओळ गाळणार होतो, पण शेजारचे दोघं ऐकायला बसले होते, त्यांनी पत्रात डोकावून ती वाचायला लावली.

अक्का, तू मलाच बोलतेस. गेल्या साली तनूचा खांदा निखळला होता तेव्हा आईनं नवस केला, की पोरीचा हात बरा होऊन ती पहिली आली तर हिचाच भाला तुझ्या पायाशी ठेवीन. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. चंपाषष्ठीला भंडारा उधळून झाल्यावर आईनं सगळ्या गावासमोर सांगितलं, आता काय करू? गावासमोर आईला खोटं पाडू? तनू शेजारीच उभी होती. भाला सरांचा आहे असं एका शब्दानं बोलली असती तर मी तिथंच हात आवरला असता. ती बोलली नाही. मला वाटलं, तिचाच असेल. आईला विचार, तिला सुद्धा तसंच वाटलं.

आई म्हणते की ज्या देवानं हात दिला त्याला लाकूड-पत्रा द्यायला तुम्ही का कुरकुर करून राहिले. भाला लाकडाचा नाही हे मी तिला सांगितलं नाही.

आणि तनूच म्हणत होती की नांदेडला भाले तिथलेच लोक देतात, घरचा न्यावा लागत नाही. मग एवढा गहजब कशाला? तरी तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी देगलूरच्या लोहाराकडून नवा भाला करून घेतला आहे. आधीचा फार हलका, फुकटात मिळाल्यासारखा होता. हा दणकट आहे, नातवंडांना पुरेल. गुरुपादप्पांबरोबर पाठवतो.

दाजींना नमस्कार. राग गेला की कळव, तोवर जेवत जा.

तुझा,
बालाजी

*

लातूर,
३ डिसेंबर २०२५

चि. बालाजीस, आशीर्वाद मागच्या पत्रातलेच समज. नवे शिल्लक नाहीत.

काल रात्री गुरुपादप्पा तुझी भेट खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. तो लोखंडाचा सांगाडा गाडीत आडवा ठेवला होता, त्याला अडखळून उदगीरच्या एक आजीबाई पडता पडता वाचल्या आणि लातूर येईपर्यंत विचारत होत्या म्हणे की कुठल्या गावची जत्रा हाय. सरांनी तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. तुमच्या गावात रानडुकरांचा त्रास आहे का, असं फार सभ्यपणे विचारलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आता तुझे दाजी त्यावर टॉवेल वाळत घालतात. त्यांना तो फार आवडला आहे.

नांदेडला भाला देतात, हे खरं. अरे, परीक्षेला पेपर बोर्ड देतं म्हणून पोरानं वर्षभर वही उघडायचीच नाही का? हातात रोज तोच भाला हवा, तेच वजन हवं. सरांकडं मुलींचा दुसरा भाला आहे, त्याचं टोक वाकलेलं आहे. मुलांचा दिला तर जड पडतो आणि खांदा पुन्हा जायची भीती. नवा मागवला आहे, तो नव्या वर्षाशिवाय येत नाही. सर नुसते हं म्हणाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

तनूचा फोन त्यांनी निवड होईपर्यंत आधीच काढून घेतला आहे. भालाही नाही. पोरगी मैदानाच्या कडेनं नुसती पळते आणि घरी येऊन पोळ्या मोजत बसल्यासारखी ताटाकडं बघते.

तेव्हा आता एकच कर. देवळात जा, देवाची माफी माग आणि भाला घेऊन ये. आई, तुझ्या खंडोबाला मी चांदीचा भाला करीन, पण हा सोड.

जीव तुमच्यात अडकला आहे म्हणूनच एवढा त्रागा, हे ध्यानात ठेव.

उज्वलाअक्का

*

बोरतळी,
६ डिसेंबर २०२५

ती. अक्कास बालाजीचा नमस्कार. वि. वि.

तुला काय वाटतं, देवळात जाऊन वस्तू परत आणणं म्हणजे किराणा दुकान आहे का? वाहिलेलं परत मागायचं न्हाई, असं आईनं मला ताट पुढं ढकलून सांगितलं. तरी तुझ्यासाठी मी पुजारी ग्यानोबाकडं गेलो. तो म्हणाला, देवालाच विचारू, कौल लावू.

देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर न्या, डावं पडलं तर नको. सकाळी लावली, दुपार झाली, एकही पडेना. थंडीनं हळद अशी धरली की फुलं चिकटून बसली. मी रान सोडून तिथं हात जोडून बसलेलो. आई समोर. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर दोन्ही खाली. त्याचा अर्थ काय, ते ग्यानोबाला सांगता येईना.

मग पंच बसले. अण्णाराव एकटेच अर्धा दिवस बोलले आणि शेवटी विचारलं की वाद कशाचा आहे. पण तोड निघाली, अक्का. देवळामागं देवाचं इनामी रान आहे ना, सोयाबीन निघून ते मोकळंच आहे. भाला देवाचा, रान देवाचं. भाला देवाच्या रानात कितीही फिरो, तो देवापाशीच राहिला. फक्त बांध ओलांडून बाहेर जाता कामा नये. तसं झालं तर वाहिलेली वस्तू बाहेर नेली असं होईल. आईलाही हे पटलं. तनूला इकडं पाठव. घरचं दूधतूप आहे, उघडं रान आहे. लातुरात असं मैदान मिळायचं नाही.

सगळ्यांचं मन राखलं. आता तरी मला भला म्हण.

तुझा,
बालाजी

*

बोरतळी,
११ डिसेंबर २०२५

प्रिय आत्यास तनुजाचा गोड नमस्कार.

गोड असं शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिलं. मी इथं पार वैतागून गेले आहे.

सकाळी मी रानात येते तेव्हा माझ्याआधी वीस माणसं आलेली असतात. ग्यानोबाकाका भाल्याला भंडारा लावून मला देतात. हात पिवळे होतात आणि पकड घसरते, म्हणून मी भाला ओढणीला पुसते. मग आजी म्हणते की देवाचा भंडारा पुसून राहिली, कशी पोर हाय. मग पुन्हा भंडारा. अण्णारावआजोबा रोज मला भाला कुठं धरायचा ते सांगतात. त्यांनी आयुष्यात गोफणीशिवाय काही फेकलेलं नाही.

बाबा बांधावर उभे असतात, माझ्याकडं बघतच नाहीत. भाला कुठं पडतो तेवढंच बघतात. बांधाच्या जवळ गेला की दोन्ही हात वर करून ओरडतात. आजी दगडावर बसून माळ ओढते आणि भाला हवेत असला की डोळे मिटून घेते. आत्या, मला आता भाला सुटायच्या आधीच आजीचं तोंड दिसतं.

रान लांबीला कमी पडतं. सरांनी सांगितलेलं अंतर बांधापलीकडच्या बाभळीपर्यंत येतं, मी चालून बघितलं. बाभूळ अण्णारावआजोबांच्या हरभऱ्यात आहे. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की जरा हळू टाक, नांदेडला जोरात टाक.

त्या दिवशी देवळात मी का बोलले नाही असं तू विचारत होतीस. आजीनं माझ्या खांद्यासाठी नवस केला होता आणि ती सगळ्यांसमोर रडत होती. मला तोंडच उघडता आलं नाही. सरांना माझ्यावर रागावू नका म्हण. हे पत्र मी आजीला वाचून दाखवलेलं नाही.

तुझी लाडकी असेन तर लवकर बोलावून घे.

तनू

*

लातूर,
१५ डिसेंबर २०२५

बालाजी,

मायना लिहायला हात होत नाही, तो तूच मनात म्हणून घे.

काल रविवारी मृत्युंजय सर स्वतःच्या सुटीत देगलूरची गाडी धरून तुमच्या गावी आले. तुम्ही त्यांना शाल घातलीत, नारळ दिलात, हुरडा खाऊ घातलात, अण्णारावांनी भाषणही केलं. पाहुणचारात कुठं कमी केलं नाहीत. त्यांनी तिथं तोंड उघडलं नाही, कारण ते सभ्य आहेत. इथं येऊन माझ्या ओसरीवर बसले आणि डोक्याला हात लावला.

ते म्हणाले की ताई, पोरीचा हात थांबायला शिकला. भाला हातातून सुटायच्या क्षणी ती खांदा आखडून घेते. अंगात ताकद तेवढीच आहे, पण आठवडाभर रोज तिनं कमी फेकण्याचाच सराव केला. तू म्हणतोस नांदेडला जोरात टाक. अरे, बैलाला आठ दिवस वेसण ओढून चालवलंस, आता जत्रेत सोडून पळ म्हणतोस?

सगळ्यांचं मन राखलंस म्हणे. आईचं राखलंस, ग्यानोबाचं राखलंस, पंचांचं राखलंस. ज्या पोरीचं सगळं पणाला लागलं आहे, तिचं कुणी राखलं? तू बांधावर उभा राहून आठ दिवस काय बघत होतास? माती?

आई, हे तुझ्यापुढं मोठ्यानं वाचलं जाणार हे मला ठाऊक आहे. तुझी माया मला कळते. पण त्या मायेनं पोरीचा हात धरून ठेवला आहे, हेही तुला कळू दे. मला रडू येतं आहे, म्हणून इथंच थांबते.

सहा दिवस उरले आहेत. काय करायचं ते कर.

उज्वला

*

बोरतळी,
१७ डिसेंबर २०२५

ती. अक्कास बालाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र तनू स्वतःच आणते आहे. भालाही तिच्याबरोबर आहे. सरांना परत दे आणि माझ्या वतीनं माफी माग.

तुझं पत्र काल सकाळी आलं. देवळापुढंच उघडलं आणि एक ओळ न गाळता आईला वाचून दाखवलं. ती दगडावर बसून माळ ओढत राहिली. मग मी बांधावरून पलीकडं उतरलो, अण्णारावांच्या हरभऱ्यातनं चालत गेलो आणि बाभळीखाली उभा राहिलो. तिथून तनूला ओरडून सांगितलं की माझ्यावर फेक.

ती फेकेना. देवाचं काय, म्हणून तिकडूनच विचारू लागली. ग्यानोबा ओरडायला लागला, अण्णाराव हरभरा हरभरा करत पळत आले. मी सांगितलं, पाप लागलं तर मला लागंल, तुझ्या अंगाला शिवणार न्हाई, तू फेक. पहिला बांधाच्या अलीकडं पडला. मी तिला नाही नाही ते बोललो. दुसरा नेमका बांधावर. मी आणखी बोललो. तिसऱ्याला ती चिडली असावी.

अक्का, एवढी वर्षं तुम्ही सांगता की पोरगी भाला फेकते, आणि मी मान डोलावतो. विभागात पहिली आली तेव्हा मी पेढे वाटले, बघायला आलो नव्हतो. या आठ दिवसांत मी नुसता बांध राखला. भाला समोरून येताना काल पहिल्यांदा पाहिला. त्याला आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं. बाभळीच्या शेंड्याजवळून गेला आणि माझ्या मागं हरभऱ्यात उभा राहिला. मी तिथंच बसलो. अण्णाराव मला काय काय बोलत होते ते मला आजही सांगता यायचं नाही.

आई दगडावरून उठून घरी गेली. कालपासून माझ्याशी बोलत नाही, माझ्या हातचं पाणी घेत नाही. यंदा खंडोबाच्या पालखीला खांदा द्यायचा मान आपल्या घरात होता. तो काल संध्याकाळी पंचांनी अण्णारावांच्या पुतण्याला दिला. ग्यानोबा मला बघून देवळाचं दार ओढून घेतो.

असो. पोरीला नांदेडला वेळेवर घेऊन जा. मी येत नाही, मला बघून ती पुन्हा बांध शोधेल.

तुझ्या रागावरच आमचं चाललं आहे, तो असाच असू दे.

बालाजी

*

लातूर,
२२ डिसेंबर २०२५

चि. बालाजी यास अनेक आशीर्वाद. या खेपेला खरेखुरे. वि. वि.

तनू चौथी आली. संघात तिघीच घेतात.

पहिल्या फेकींना हात आखडत होता, मला वरून बाकावरून सुद्धा दिसत होतं. शेवटची मोकळी सुटली. सर उठून उभे राहिले, मीही राहिले, तुझे दाजी तर शेजारच्या माणसाच्या पायावर उभे राहिले. मोजलं तेव्हा तिसऱ्या मुलीपेक्षा वीतभर कमी भरलं. एक वीत रे! आठ दिवस त्या रानात गेले नसते तर, असं म्हणायचं नाही ठरवलं होतं. म्हटलंच.

सर म्हणतात की हात महिनाभरात सुटेल, पोरगी वयानं लहान आहे, पुढच्या वर्षी मोठ्या मुलींत उतरवू. पण त्यांना तुझी अट ठाऊक नाही. तनूला ठाऊक आहे. घरी आल्यावर तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या, पेटी भरली आणि दारापाशी आणून ठेवली. उद्याच्या देगलूर गाडीत जागा धरायला गुरुपादप्पांना स्वतःच सांगून आली. रडत नाही. मी ओरडले, तिच्या आत्याचं घर आहे, कोण काढतं बघू म्हणाले. तर म्हणते, आत्या, बाबांना शब्द दिला होता.

गुरुपादप्पांना मी दम दिला आहे. हे पत्र घेऊन ते येतील, तनू येणार नाही. तुला तिला न्यायचीच असेल तर स्वतः ये आणि माझ्या तोंडावर सांगून ने. तोवर पेटी दारातच राहील, येता-जाता तिला ठेचकाळते आहे.

भांडायला तरी तुझ्याशिवाय कोण आहे मला.

अक्का

*

बोरतळी,
२४ डिसेंबर २०२५

ती. सौ. अक्कास बालाजीचा नमस्कार. वि. वि.

मी येत नाही. रब्बीला पाणी द्यायचं आहे.

आई अजून माझ्याशी बोलत नाही. तुझं पत्र मी भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं वाचलं. ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं चुलीपाशी तनूच्या आईला ऐकवलं, की पोरगीच माघारी येणार आसंल तर देवाचा भाला कशापायी घालवला? मला वाटतं ते माझ्यासाठीच होतं.

तनूला सांग, पेटी आत ने आणि कपडे काढून ठेव. सरांना सांग, पुढच्या वर्षीही न्या, त्याच्या पुढच्या वर्षीही न्या. ती शब्द शब्द करत बसेल, माझ्यावरच गेली आहे. तिला म्हणावं, तुझ्या बापानं देवाला दिलेला शब्द अण्णारावाच्या हरभऱ्यात उभा राहून मोडला, मग त्याचा स्वतःचा शब्द असा कोण मोठा लागून गेला?

बालाजी